बिननावाचा चौकोन

रविकिरण इंजिनिअर झाला आणि उदगीरच्या लिंगायत मंडळींनी त्याच्या गळ्यात हक्कानं फुकटचं काम बांधलं, रुद्रभूमीचा, म्हणजे समाजाच्या दफनभूमीचा नकाशा. शिकलेला पोरगा म्हणजे गावाचा बैलच की! कॉम्प्युटरवर प्रत्येक समाधीचा एक चौकोन. नवा खड्डा जुन्यावर यायला नको. तिथं माणूस आडवा नसतो, मांडी घालून बसवलेला असतो.

नियम सोपा होता. एक चौकोन दुसऱ्याच्या पूर्ण डावीकडं, उजवीकडं, वर किंवा खाली असेल तर ठीक, नाहीतर ते एकमेकांवर चढले आणि लाल झाले. प्रोग्राम तपासायला त्यानं आधी स्वतःचंच घर मोजलं. स्वयंपाकघर, आईची खाट, सहा महिन्यांच्या लेकीचा, उर्वीचा पाळणा.

"माझ्या गुडघ्याचंबी माप घे," त्याची आई मल्लम्मा हसली. "धा वर्षं झाली, मांडी घालता येत न्हाई."

मग त्यानं रुद्रभूमीच्या वहीतली यादी चढवली. वडिलांशेजारी आईसाठी राखलेल्या जागेवर एक बिननावाचा चौकोन निघाला. तीन फूट बाय तीन फूट. वहीत तो नव्हता, आणि रविकिरणनं तो भरलाही नव्हता.

जागा बघायला तो गेला, तर राखण करणारी शरणम्मा तिथं पाय ठेवीना.

"कोण हाय ते ठाव न्हाई. पण बसलेल्याला उठवू नका, साहेब. उठला की दुसरीकडं बसतो."

आईला वडिलांशेजारीच जायचं होतं. घरी येऊन त्यानं चौकोन पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या नकाशात पाळणा लाल झाला. त्यावर तोच चौकोन होता, तीन बाय तीन.

उर्वी पाळण्याच्या कडेला चेपून पडली होती. रडत नव्हती. ओठ निळे पडत होते. त्यानं तिला उचलायला हात घातले, पण ती उचलली जाईना.

त्यानं लॅपटॉपवर चौकोन पुसला. परत आला. अंगणात ओढला. परत आला. स्वयंपाकघरात ओढला. परत.

मग आईच्या खाटेवर ओढला. तिथं तो थांबला.

उर्वीनं टाहो फोडला. रविकिरणला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच शरम वाटली.

"रवी," खाटेवरून आई म्हणाली, "पायाशी कोण बसून राहिलंय रे? सरक म्हण त्याला."

रविकिरणचा हात अजून लॅपटॉपवरच होता. त्यानं पाळण्याकडं पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"कुणी न्हाई, आई. झोप तू."

खाट करकरली. त्यानं मान वळवली.

मल्लम्मा भिंतीकडं तोंड करून ताठ बसली होती. मांडी घालून.