शकूमावशीची कावीळ

रेवती भाजी चिरत होती आणि ओट्यावर ठेवलेल्या पडद्यातून तिचाच आवाज तिला सांगत होता, "उजव्या स्तनाला धोका कमी आहे. राहू द्यायला हरकत नाही."

हा तिचा प्रतिदेह. रक्त, जनुकं आणि घराण्यातले आजार यांवरून इस्पितळानं संगणकात घडवलेली तिची प्रत. ही प्रत दोन दिवसांत पुढची वीस वर्षं जगून दाखवायची. डाव्या स्तनात कर्करोग निघाला होता, तो काढायचाच होता. प्रश्न होता तो उजव्या, निरोगी स्तनाचा. जनुकांत ओळखीचा दोष सापडला नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त घराण्याच्या माहितीवर होती.

रेवतीला हायसं वाटलं. पण घरात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं सोलापूरला थोरल्या बहिणीला फोन लावला.

नंदाताईनं आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "रेवा, तोही काढूनच टाक."

"का गं? चांगलं आलंय की सगळं."

"शकूमावशी काविळीनं नाही गेली. तिला हेच होतं. आजीलाही. आपली लग्नं व्हायची होती, म्हणून आईनं कुठं बोलू दिलं नाही."

माहिती भरताना रेवतीनं स्वतःच्या हातानं 'कावीळ' लिहिलं होतं. "मग आता दुरुस्त करते," ती म्हणाली.

"नको. त्यानं माझ्या सानिकाचाही प्रतिदेह बदलेल. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे तिचा. हल्ली पत्रिकेआधी तेच बघतात. तू आपली गुपचूप काढून घे ना. तुला आता कुठं..."

ताईनं वाक्य सोडून दिलं. नवऱ्यापासून वेगळी राहणाऱ्या रेवतीला ते पुरतं कळलं आणि तिला भयंकर राग आला. तिचं अंग होतं, पण ते घरच्यांची मूठ झाकलेली ठेवायला कामी येणार होतं. आणि सानिकाला कोण सांगणार होतं?

तिनं फोन ठेवला, कावीळ पुसली आणि खरं ते लिहिलं. प्रतिदेह पुन्हा वीस वर्षं जगला. या वेळी धोका कमी नव्हता. रेवती दोन दिवस एकटीच रडली आणि मग तिनं दोन्ही स्तन काढायला संमती दिली. आता निर्णय तिचा होता.

"संमती मिळाली," तिच्याच आवाजात पडदा म्हणाला. "दुरुस्ती रक्ताच्या नातेवाइकांना कळवली आहे. शस्त्रक्रियेला तुमच्यासोबत कोण येणार?"