परतीचा रकाना

"चाकाच्या साखळ्या उलट्या लागल्यात."

मी मोटरहोमच्या खाली अर्धी शिरलेली, बोटं गारठून बधिर. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून दीड तास झटून त्या चढवल्या होत्या. बाहेर न येताच म्हटलं, "असू देत. मला अशाच आवडतात."

तो हसला... पण गेला नाही. बर्फात उकिडवा बसून राहिला. शेवटी मी त्या काढल्या, सुलट्या लावल्या. मदतीला हात पुढे आला, तो मी बाजूला सारला.

हा कात्रिएल. तळ्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गिर्यारोहकांची लाकडी चौकी आहे, हिवाळाभर ती हाच सांभाळतो. वर जाणाऱ्याने तिथल्या वहीत लिहायचं – नाव, कुठे, किती जण, परतीची वेळ. खाली आल्यावर सही. सही नसेल तर हा शोधायला निघणार.

मी नोएलिया, रोसारिओची. राहायची सोय असलेली ही मोटरहोम मामाची. ऐन जुलैत, इथल्या भर हिवाळ्यात, एकटीच पातागोनियात निघाले तेव्हा मामा म्हणाला, चार दिवसांत परत येशील बघ. त्याचं तरी काय चुकलं? माझं पोहणं अर्ध्यावर, गिटार अर्ध्यावर, नर्सिंग अर्ध्यावर. म्हणून मी ठरवलंच होतं – पाच तळी, पाचही पायी, आणि एकटीने म्हणजे एकटीने.

नऊ दिवसांत चार झाली. संध्याकाळी सही करायला गेले की कात्रिएल माते नावाच्या चहाचा पेला पुढे करायचा. एकाच नळीने आळीपाळीने तो कडू चहा ओढत आम्ही बसायचो. तो मला मोटरहोमचे नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं ते सांगायचा, मी त्याच्या टोपीची टिंगल करायची. निघताना पाय जड व्हायचे, खोटं कशाला बोलू?

"उद्या मी येऊ?" नवव्या दिवशी त्याने विचारलं. "पाचवी वाट जरा वाईट आहे."

"तू आलास तर ते तळं अर्धं तुझं होईल."

"अर्धं चालेल मला."

"मला नाही चालणार." मन हो म्हणत होतं, तरी मी हेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वहीत परतीची वेळ लिहिली – दुपारी दोन. तासाभराने ओढा लागला. त्यावर एक ओंडका टाकलेला, त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर, खाली काळंभोर पाणी धावतंय. मी पाय टाकला, मागे घेतला... पुन्हा टाकला, पुन्हा मागे. अर्धा तास हेच. मग फिरले.

चौकीवर जायचं धैर्य होईना. अर्ध्यावरून परत, हे त्याच्यासमोर माझ्या हाताने कसं लिहायचं? झाडीतून आडवाटेने खालच्या वळणावर उतरले, मोटरहोममध्ये शिरले आणि पांघरूण ओढून मनसोक्त रडले. रडता रडता डोळा लागला.

जाग आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. सही! धावत चौकी गाठली, तर दाराला कुलूप आणि चिठ्ठी – 'नोएलिया परतली नाही. पाचव्या तळ्याकडे जातोय. दोन दहा.'

जेमतेम दहा मिनिटं थांबला होता तो.

वही बाहेरच्या पेटीत असते. लिहिलं – नोएलिया, पाचवं तळं, एक जण. परतीच्या रकान्यात लिहिलं, त्याला घेऊनच.

ओंडक्यावर त्याच्या बुटांचे ठसे होते. मी दोन्हीकडे पाय सोडून बसले आणि सरकत सरकत निघाले. पाण्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खुळ्या अहंकारापायी त्याचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच डोक्यात होतं.

झाडं संपली आणि तळं दिसलं, पांढरंशुभ्र. काठावर तो, घसा बसेपर्यंत माझं नाव घेऊन ओरडणारा.

"मी इथे आहे," मी म्हटलं.

तो वळला. "कुठे होतीस?"

"मोटरहोममध्ये. ओंडक्यावरून परत फिरले... तुला तोंड दाखवायची लाज वाटली."

तो मटकन बर्फातच बसला. "ओंडक्याखालचं पाणी काठीने चाचपत होतो मी, नोएलिया."

मी शेजारी बसले, चुकलं माझं म्हणाले. त्याचे हातमोजे ओले होते, ते काढून त्याचे हात माझ्या हातांत धरले. त्याने काढून घेतले नाहीत.

तो म्हणाला, "मग आत्ता कशी आलीस?"

"एकटीच," मी म्हटलं, आणि मग माझ्याही लक्षात आलं.

"म्हणजे झालं तळं तुझं."

"अर्धं." मी त्याच्याकडे पाहिलं. "अर्धं चालेल म्हणाला होतास ना? मला तू आवडतोस, कात्रिएल. आजवर सगळं अर्ध्यावर सोडलं मी. हे नाही सोडायचं."

ओंडका उजेडातच ओलांडला, पुढे मी, मागे तो. चौकीत मी सही केली आणि 'एक जण' खोडून 'दोन' लिहिलं. त्याने माते भरला, मग वहीचं नवं पान उघडून माझं नाव लिहिलं, खाली त्याचं.

"परतीची वेळ काय घालू?" त्याने विचारलं.

"तो रकाना रिकामा ठेव," मी म्हटलं.