तिप्पट उंचीचा डोंगर

हे घडलेलं आहे. पटवून द्यायची मला हौस नाही.

गेल्या मार्चमधली, फलटणजवळच्या आमच्या घरातली गोष्ट. रात्र वगैरे नव्हती... भर दुपारचे तीन.

मी मिरजेत डोंगर बनवतो. उपग्रहाची छायाचित्रं आणि उंचीचे आकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. ते कॉम्प्युटरवर जुळवायचे आणि थ्री-डी प्रिंटरवर त्या भागाचं प्लास्टिकचं मॉडेल काढायचं. कॉलेजं विकत घेतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, माझं तर पोटच त्यावर चालतं.

मोठा भाऊ जयराज फौजेत होता. दीड वर्षापूर्वी उत्तरेतल्या एका चौकीकडे चढताना वाटेतच गेला. विरळ हवेत श्वास पुरला नाही, असं कळवलं. चौकी दोनशे पावलांवर राहिली होती.

आई म्हणाली, "त्यो डोंगर मला दाव. कसा हाय, बघू दे तरी."

म्हणून बनवला. खऱ्या प्रमाणात फारच बसका दिसत होता, म्हणून उंची तिप्पट केली. आमच्या धंद्यात सगळेच करतात.

दादाच्या फोटोखाली ठेवला.

तिसऱ्या दुपारी लाइट गेली. पंखा थांबला.

आणि ऐकू आलं...

धाप.

थांबून, थांबून. चढण चढणारा माणूस घेतो तसा श्वास...

मॉडेलला कान लावला. आतूनच येत होता.

मी घाबरलो नाही. दादा गेल्यापासून मला काही वाटतच नाही. रडलोसुद्धा नाही.

आई दारात उभी होती.

"तुलाबी यतोय व्हय आवाज?"

"कवापासनं यतोय?"

"ठेवलास तवापासनं. जयराज चढतोय. लय दमलाय रं... अजून कसा पोचंना?"

उंची मी वाढवली होती.

तसाच मिरजेला गेलो. रात्रीत खऱ्या उंचीचं मॉडेल काढलं, दुसऱ्या दिवशी आणून जुन्याच्या जागी ठेवलं.

संध्याकाळपर्यंत धाप चालू होती. मग एक लांब श्वास सुटला...

नंतर काहीच नाही.

पोचला. मला वाटलं, आई हात जोडेल. ती दोन दिवस जेवली नाही. नुसती कान लावून बसली.

"पोचला, बरं झालं," ती म्हणाली. "पर मला त्याचा आवाज तरी यत हुता. परत उंच कर."

"आई, त्याला परत चढावं लागंल."

"व्हय. ठावं हाय मला."

मी वाद घातला नाही. तिप्पट उंचीचं मॉडेल परत फोटोखाली ठेवलं.

आता ती जेवते. त्याच्याशी बोलते. हळू चढ म्हणते.

काल तिचा फोन आला.

"श्वास हलका झालाय. पोचत आलाय वाटतं. आणखी उंच कर."

पाचपट उंचीचा डोंगर प्रिंटरवर लावलाय. नऊ तास लागतील.

दादा, माफ कर, असं म्हणायला हवं. तोंडातून निघत नाही.