सातव्या पिंजऱ्याचं वजन

त्या सोमवारी सकाळी ताई नेहमीसारखी उंदरांची वजनं घ्यायला गेली. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. बारा वर्षं ती हेच काम करत होती. खोलीला खिडकी नव्हती. दिवे ठरल्या वेळी आपोआप लागायचे आणि विझायचे. भुशाचा आणि फिनेलचा वास तिच्या केसांत मुरला होता. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, आधी तुझा वास घरात येतो, मग तू."

काम सरळ होतं. किडीवरचं नवं औषध कातडीतून अंगात भिनतं का, ते बघायचं. दहा पांढरे उंदीर, दहा पिंजरे. पाठीवरचे केस मशिनने काढायचे, औषध चोपडायचं, वर जाळीचं कापड आणि चिकटपट्टी. चोवीस तासांनी कोमट पाण्याने पुसून घ्यायचं आणि पुढे चौदा दिवस बघत राहायचं. खातो का, थरथरतो का, जगतो का.

तो तिसरा दिवस होता. सातवा उंदीर मेला होता. पाय ताठ, नाकाशी रक्ताचा वाळलेला ठिपका.

साहेबांनी पिंजऱ्यात एकदाच डोकावलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"घाबरून मेला असेल. होतं असं. जास्तीच्या उंदरांतला एक घे, पाठ भादर आणि शेपटीवर सातचा आकडा घाल."

"साहेब, पण नोंद..."

"भरणी विभागात डबे भरायला सुरुवात झालीय, ताई. हे औषध अडलं तर तो विभाग बंद. तुझा भाऊ तिथेच आहे ना?"

दोन वर्षं घरी बसलेल्या भावाला ताईनेच हातापाया पडून तिथे चिकटवलं होतं. मेलेला उंदीर काळ्या पिशवीत घालून तिने फ्रीझरच्या तळाशी ठेवला, आणि नव्याची पाठ भादरली.

मंगळवारी तिने नव्या सातव्याला वजनकाट्यावर ठेवलं. चारशे सोळा. असायला हवं त्याच्या दुप्पट. तिने काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. चारशे सोळा. आठव्याला ठेवलं तर बरोबर दोनशे आठ ग्रॅम. काटा ठीक होता.

तिसऱ्यांदा तिने सातव्याला ठेवलं आणि उचलून घेतलं. आकडा शून्यावर आला नाही. दोनशे सातवर थांबला... थांबला म्हणजे, थरथरत राहिला. निर्जीव वस्तूचा आकडा स्थिर असतो. थरथरतो तो जिवंत जनावराचा, त्याच्या श्वासाबरोबर.

काट्याचं ताट रिकामं होतं. तिने बोट पुढे केलं. आधी मऊ केस लागले... मग गुळगुळीत, केस नसलेली, ओलसर कातडी.

तिने हात असा मागे ओढला की कोपर कपाटावर आपटलं. नोंदवहीत तिने लिहिलं, दोनशे नऊ. प्रकृती ठीक.

बुधवारी नव्या सातव्याने खाणं सोडलं. त्याला औषधाचा थेंबही लागला नव्हता, तरी तो कापत होता. खोलीतले बाकीचे नऊ एरवी कुरतडत, खुडबुडत असायचे. त्या दिवशी एकही आवाज नव्हता. नुसता पंखा घुमत होता. ताई साहेबांकडे गेली.

"काटा बिघडलाय. माणूस बोलावतो," ते मान वर न करता म्हणाले.

गुरुवारी सकाळी नवा सातवाही मेलेला सापडला. पाय ताठ, नाकाशी तोच ठिपका.

मग मात्र ताईने आगापिछा पाहिला नाही. फ्रीझरमधली पिशवी काढली, दुसरा उंदीर ट्रेमध्ये घेतला आणि दोन्ही नेऊन तपासणीवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवले. या बाई सगळ्यांच्या नोंदी पडताळायच्या. साहेबही त्यांना वचकून असत. ताईने अथपासून इतिपर्यंत सांगितलं, फक्त बोटाला काय लागलं तेवढं सोडून. बाईंनी ऐकता ऐकताच फोन उचलला. तासाभरात भरणी बंद झाली.

संध्याकाळी धाकटा घरी आला तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"काल काकांच्या खांद्यावर डबा फुटला," तो म्हणाला. काका म्हणजे भरणीतले सगळ्यांत जुने कामगार. त्यांनीच त्याला काम शिकवलं होतं. "पाठ भिजली सगळी. त्यांनी नुसता शर्ट बदलला. तुझ्या साहेबांनी सांगितलं होतं ना, पाण्यासारखं आहे म्हणून... आज उठवतच नव्हतं त्यांना. दवाखान्यात आहेत."

ताईने त्याला सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"सोमवारपासून तुला ठाऊक होतं?"

"तुझ्यासाठी रे..."

"माझं नाव नको घेऊस यात."

शनिवारी काका गेले. साहेबांची नोकरी गेली, चौकशी बसली. ताईलाही प्रश्न विचारले गेले. तिने एकही उत्तर फिरवलं नाही. बाईंच्या शब्दामुळे तिची नोकरी राहिली. धाकटा तिच्या हातचं जेवायचा, पण बोलायचा नाही. ती केस दोनदा धुऊन घरी यायची. चिडवणारं कुणी नव्हतं.

उरलेले नऊ उंदीर नियमाप्रमाणे मारले गेले. खोलीत धुरी दिली, भिंती रंगवल्या, पिंजरे नवे आणले. महिन्याभराने बाहेरच्या पैदास केंद्रातून नवे दहा उंदीर आले. त्यांना अजून कसलंही औषध लावलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पाणी बदलायला गेली तेव्हा ते सगळे झोपले होते. दहाच्या दहा, आपापल्या पिंजऱ्यात, डाव्या भिंतीला सरकून, अंग वाकवून, कुणाला तरी कुशीत घेतल्यासारखे. प्रत्येकाच्या पोटाशी भुशात एक खळगा होता.

तिने पहिल्या पिंजऱ्याचं झाकण काढलं. खळग्यात हात ठेवला. ऊबदार होता.

दुसऱ्यातलाही.

तिसऱ्यात तिने हात घातला नाही. नुसती बघत राहिली. उंदीर निवांत झोपला होता, आणि त्याच्या शेजारचा भुसा हळूच दबत होता... वर येत होता... पुन्हा दबत होता.