मेल्यावर तरी ऐकशील?

झेनीने वेळेवर ब्रेक दाबला नसता, तर आर्गोसचा राजा त्या सकाळी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरच संपला असता.

गाडी शिकवणीची होती, म्हणून बरं. झेनीच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शेजारची शिकणारी पोरगी डोळे मिटून किंचाळत होती, आणि रस्त्याच्या मधोमध एक उंच माणूस दोन्ही हात आभाळाकडे पसरून उभा होता.

झेनीने काच खाली केली. "अहो! मरायचंय का?"

"हो," तो गंभीरपणे म्हणाला. "पण जूनमध्ये."

मग तो भानावर आला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... नाटकात. पाठांतर करत होतो. माफ करा हं."

"पाठांतर फुटपाथवर करा!"

घरी येऊन तिने मावशीसमोर सगळा राग ओतला. आर्गिरोमावशी शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या हौशी मंडळींची नाटकं बसवायची. ती पोट धरून हसली. "अगं, तो स्टाथिस! गुरांचा डॉक्टर. माझा राजा आहे तो."

पुढच्याच आठवड्यात राणीचं काम करणाऱ्या बाईला पात्रास शहरात नोकरी लागली आणि मावशीने तिच्या संवादांची वही झेनीच्या मांडीवर टाकली.

"मावशी, मला अभिनय येत नाही."

"अभिनय कशाला करतेस? त्या माणसावर वैतागायचंय फक्त. ते तुला झकास जमतंय."

नाटक जुन्या ग्रीक शोकांतिकांच्या वळणाचं होतं. शत्रू वेशीबाहेर तहाचं बोलणं लावतो, आणि राजा एकटाच बाहेर जायला निघतो. आई त्याचे पाय धरते, बायको हात धरते, मुलगी वाट अडवते. राजा तिघींनाही बाजूला सारतो आणि जातो. मग त्याला उचलूनच आणतात.

टेकडीच्या दगडी पायऱ्यांवर तालमी सुरू झाल्या. संत्र्याच्या बागांना बहर होता, सगळ्या गावाला गोड वास सुटला होता. झेनी मात्र रोज तणतणायची.

"तीन बायका घसा फोडून सांगतायत! एकीचं तरी ऐकतो का हा?"

"ऐकतो की," स्टाथिस म्हणाला. "ऐकून घेतो, आणि मग जातो."

"मरायला!"

"त्याचं फार प्रेम आहे गं राणीवर. म्हणून तर तिला धोक्यात घालत नाही."

"मग एकदा विचारावं ना तिला!"

"राजे विचारत नाहीत."

"म्हणूनच राण्या विधवा होतात," झेनी म्हणाली, आणि तो इतका मनापासून हसला, की तिला पुढचं वाक्यच आठवेना.

एकदा तालमीत अचानक पावसाची सर आली. बाकीचे खाली पळाले. हे दोघे भिंतीच्या आडोशाला अडकले. अंग चोरून उभे. त्याने खिशातून संत्रं काढलं, सोललं, आणि एकेका फोडीवरचे पांढरे धागे हलक्या हाताने काढून फोड तिच्या तळव्यावर ठेवू लागला.

"धागे कशाला काढतोस?"

"तुला आवडत नाहीत."

"मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस... पहिल्या तालमीला बाजूला काढून ठेवत होतीस."

झेनीने घाईघाईने पावसाकडे बघितलं. पाऊस थांबला होता. दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

मग मे उजाडला आणि स्टाथिस बदलला. तालीम संपताच निघून जाऊ लागला. फोन उचलेना. शेवटी तिने त्याला त्याच्या दवाखान्याच्या दारात गाठलं.

"झालंय काय?"

त्याने हातातलं फडकं चुरगाळलं. "आपण... तालमीबाहेर भेटू नये, झेनी."

"का?"

"तुझ्याच भल्यासाठी."

"माझं भलं तू ठरवणार?"

"कारण विचारू नकोस," तो म्हणाला. चेहरा अगदी वेशीकडे निघालेल्या राजाचा. झेनीला त्याला हलवून हलवून जागं करावंसं वाटलं. पण ती वळली. घरी जाऊन रडली, आणि आपण रडलो म्हणून आणखीच चिडली.

नाटकाच्या आदल्या दिवशी गाडी शिकवण्याच्या ऑफिसात काठी टेकत एक बाई आल्या. "मला नाव घालायचंय. खुब्याचं ऑपरेशन आहे माझं. ते झालं, हिंडायला लागले, की लगेच शिकेन म्हणते."

"जरूर, काकू. नाव?"

"लेमोनिया. त्या गुरांच्या डॉक्टरची आई." त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माझा मुलगा म्हणतो, आई, मी जन्मभर तुला सांभाळीन, लग्न करणार नाही. कोणा पोरीच्या गळ्यात तुझं आजारपण बांधणार नाही! अरे, मला विचारलंस का? मी चालले नाफ्प्लिओला बहिणीकडे. आम्ही दोघी पत्ते खेळू, समुद्र बघू. याचा त्याग कोणाला हवाय? आणि ती पोरगी, तिला तरी विचारलंस का, म्हटलं. तर गप्प! संत्री मात्र रोज खिशात घालून जातो आणि संध्याकाळी तशीच परत आणतो."

झेनीचं पेन थांबलं होतं. काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं.

"तूच का गं ती?"

झेनीने मान हलवली.

"देवा," काकू म्हणाल्या, "किती वैतागलेली दिसतेस. बरं झालं."

नाटकाला अख्खं गाव लोटलं. आई रडली, मुलगी रडली, राणीने हात धरला, आणि राजाने सगळ्यांना झिडकारून वेशीचा रस्ता धरला. थोड्या वेळाने चौघांनी त्याला, गालांना राख फासलेली, अंगावर कापड घातलेलं, असा उचलून आणलं आणि मधोमध ठेवलं. गावातल्या बायकांचा विलाप सुरू झाला, मोठ्याने, छाती पिटून. राणीने नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवायचं होतं.

झेनीने ठेवलं. त्याचं काळीज भलतंच जोरात धडधडत होतं. आणि तिच्या लक्षात आलं, की या क्षणी हा माणूस तोंड उघडू शकत नाही, उठू शकत नाही, पाठ फिरवू शकत नाही.

"आता ऐक," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "मेल्यावर तरी ऐकशील?"

पापणी लवली.

"हलू नकोस, मेलायस तू! तुझी आई नाफ्प्लिओला जाणार आहे पत्ते खेळायला. तिला तुझा त्याग नकोय. मलाही नकोय. तुला मी नको असेन तर तसं सांग, मी जाते. पण माझ्या भल्याचं नाव पुढे करू नकोस. मूर्ख! गाढवांवर उपचार करून करून..." तिला रडू फुटलं. "आवडतोस तू मला. इतका राग येतो तुझा, तरी आवडतोस."

विलाप टिपेला पोचला होता. पुढच्या रांगेतल्या बाया राणीचे अश्रू बघून नाकं पुसत होत्या. कापडाखाली मेलेल्या राजाच्या बोटांनी राणीची बोटं शोधली आणि घट्ट धरली.

टाळ्या थांबेनात. सगळे वाकून नमस्कार करायला पुढे गेले, तरी राजा पडूनच.

"ऊठ," झेनी डोळे पुसत म्हणाली. "संपलं नाटक."

स्टाथिस उठून बसला. गालांवरची राख ओली होऊन ओघळली होती. तो काहीतरी ठाम बोलणार, असं वाटलं. भुवयासुद्धा तशाच जुळल्या. पण तो थांबला.

"मला तुझ्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "पण आई, तिचं आजारपण, माझ्या रात्रीअपरात्रीच्या गाई... झेनी, तुला... तुला काय वाटतं?"

गावकरी टाळ्या वाजवतच होते. झेनी त्याच्या शेजारी दगडावर बसली, कोपराने त्याला जरा बाजूला ढकललं आणि म्हणाली, "सरक. सविस्तर सांगते."