चोवीस तासांचा कॅन

"अक्का, हे कुठं ठिवू?"

आळंदच्या बसमधून उतरून एक माणूस आमच्या लॅबच्या दारात उभा होता. काळ्या घोंगडीत काहीतरी गुंडाळून, लेकरासारखं छातीशी धरलेलं. लेकरू कसलं! पाच लिटरचा कॅन, अन् आत त्याची स्वतःची, पहाटे ते पहाटे चोवीस तासांची लघवी.

"अक्का कुणाला म्हणायलाव? लहान हाय मी तुमच्याहून!"

"चुकलं बाई... कंडक्टर म्हणला, शिंदी न्यायलास का? म्हणलं व्हय, चाखतोस?"

मी हसले. तोंडाला पदर लावला, तरी हसलेच.

ते साल चौऱ्याऐंशी. नाव बिराप्पा, वय तीस. सोलापूरला ऑपरेशन करून त्याची कॅन्सरची किडनी काढली होती. उरलेली एकटी किती वर्षं गाडा ओढेल, हे कळायला दर तीन महिन्यांनी रक्त अन् कॅन गुलबर्ग्याला माझ्या टेबलावर यायचा. मी विशाखा, जनवाड्याची. कॅन मापून किडनी किती चालते त्याचा आकडा काढायचा, हे माझं काम. डॉक्टर श्रीपतराव त्या आकड्यांचे ठिपके चौकटीच्या कागदावर मांडून पुढच्या वर्षांची रेघ ओढायचे.

पहिल्यांदा कॅन मापताना मी सहज हसून म्हणाले, "अगं बाई, भरपूर की!" त्याचा चेहरा असा फुलला की मीच खाली बघितलं. तिथंच घोटाळा झाला.

वर्षभर तो येत राहिला. कधी तुरीच्या ओल्या शेंगा आणायचा, कधी नुसतं बघत बसायचा. रेघ सरळ चालली होती, अन् मी मनातल्या मनात पार नातवंडांपर्यंत पोचले होते.

"रेघ अशीच ऱ्हायली, तर एक इचारायचं हाय..."

"मग इचारा की आत्ता."

"न्हाई. आधी रेघ."

पाचव्या खेपेला मात्र रक्त एक सांगायला लागलं अन् कॅन दुसरंच. रक्तात घाण साचत चाललेली, अन् कॅन म्हणतोय किडनी ठणठणीत. एका दिवसात एवढी लघवी होतच नाही.

"खरं सांगा. कॅन कवापासून भरलाव?"

"पहिली खेप बरोबर व्हती. मग... आदल्या दुपारपासूनच भराय लागलो."

"कामून?"

"भरपूर की, म्हणून हासतीस तू. कॅन कमी दिसला तर हासली नसतीस."

"अरे मेल्या! माझ्या हसण्यासाठी जिवाशी खेळलास?" मी ओरडले, अन् तिथंच रडू फुटलं. राग त्याच्यावर नव्हता. गोड आकडा दिसला म्हणून मीही कधी खोदून विचारलं नव्हतं.

मग त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. पहाटेची पहिली टाकून दिली, दुसऱ्या पहाटेपर्यंतची घड्याळ लावून धरली. आकडा धाडकन खाली आला. डॉक्टरांनी नवी रेघ ओढली, ती उतरतच गेली. "आठ वर्षं," ते म्हणाले. "फार तर."

बाहेर लिंबाखाली तो घोंगडी झटकत उभा होता.

"आता इचारत न्हाई."

"नको इचारू. मी इचारते. एक वर्ष कॅन भरण्यात घालवलंस. ही आठ मला देतोस का न्हाई?"

"कपाळ पांढरं होईल की गं तुझं..."

"होईल तवा होईल. आतापासूनच पुसत बसू का?"

आम्ही बौद्ध, ते धनगर. माझ्या बापानं, बळीरामानं, लग्नानंतर दोन वर्षं तोंड बघितलं नाही. त्याच्या आईनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आम्ही मात्र दर तीन महिन्यांनी घड्याळ लावून कॅन भरला. एक थेंब खोटा नाही.

रेघ आठ म्हणाली होती. मिळाली चार.

शेवटच्या खेपेला त्याचं अंग सुजलं होतं, अन् चोवीस तासांनी कॅनचा तळही झाकला नव्हता. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "किती झालं गं?"

मी कॅन घोंगडीत गुंडाळला.

"अगं बाई... भरपूर की!"

तो हसला. "आता तू खोटं बोलायलीस."

"व्हय," मी म्हणाले. "तू हासतोस म्हणून."