सातवा रकाना

मी आज जे सांगणार आहे ते ऐकून या ओट्यावरचं एकही माणूस मान डोलवणार नाही, लिहून देतो. मागे मी सांगितलं होतं की एका वैशाखात जळगावच्या सावल्या माणसांना सोडून कचेरीच्या बाकाखाली जाऊन बसल्या. ते तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत. हे नाही घेणार. कारण यात एक प्रेम आहे, आणि ते वर्षातून दोनदाच भेटायचं. एकदा चैत्रात, एकदा आश्विनात… सरकारी नियमाप्रमाणे.

प्रमिलाबाई, तुम्ही पिंप्राळ्यात नव्या. तुम्हाला माझी सवय नाही. मेथी निवडत राहा आणि ऐका.

एकोणपन्नास साल. लढाईत पडलेल्या शिपायांच्या विधवांना सरकार पेन्शन देई, आणि त्यासाठी बायांना दर सहा महिन्यांनी कचेरीच्या खिडकीशी यावं लागे. एक छापील कागद होता, सात रकान्यांचा. पहिल्या सहांत मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, गाव, पलटण असलं सगळं. सातवा बाईसाठी. ‘पुनर्विवाह किंवा पाट केला आहे काय?’ तिथे ‘नाही’ लिहिलं की पेन्शन पुढे चालू. ‘होय’ लिहिलं की फाईल बंद, ती कायमची.

खिडकीत तोताराम बसायचा. तो सातवा रकाना असा ओरडून विचारी की स्टेशनावरचे हमालसुद्धा दचकून ‘नाही’ म्हणत. त्या आश्विनात तोतारामला हिवताप भरला आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पितांबरला साहेबांनी खिडकीत बसवलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, बायकांशी बोलायची वेळ आली की टाक शाईत बुडवून बुडवून दौत रिकामी करणारा.

दुपारी खिडकीच्या गजांपलीकडे एक बाई आली. मंजुळा तिचं नाव, अमळनेरकडची. वय एकवीस-बावीस. डोक्यावरचा पदर उन्हाने फिका पडलेला, पण डोळे… जाऊ द्या, डोळ्यांचं सांगितलं तर तुम्ही इथूनच उठून जाल. सोबत सासरा होता, शालिग्रामबाबा. त्याचा एकुलता एक झुलाल ब्रह्मदेशात पडला होता. लग्नानंतर आठ महिने घरात, मग थेट कागदावर.

सहा रकाने झाले. सातव्यापाशी पितांबर अडला. “बाई, तुम्ही… म्हणजे मधल्या काळात… काही…”

तिने हात आत घालून कागदच आपल्याकडे फिरवला. चौथी शिकलेली होती. रकाना स्वतः वाचला आणि म्हणाली, “नाही. लिहा. मागे रांग खोळंबलीये.”

पितांबरने लिहिलं. कान लाल, अक्षर वाकडं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने गजाला कान लावला आणि पहिला रकाना पुन्हा वाचायला सांगितला. “बठ्ठं वाचा, भाऊ. मना पोऱ्यानं नाव शे ते.”

तोताराम नाव वाचत नसे, खूण करून मोकळा होई. पितांबरने वाचलं, सावकाश, शाळेत हजेरी घेताना गुरुजी वाचतात तसं. ‘शिपाई झुलाल शालिग्राम.’ म्हाताऱ्याचे ओठ बरोबरीने हलले. मग तो रांगेकडे वळून सगळ्यांना सांगत सुटला, “सरकार आजून मना पोऱ्यानं नाव लेस.” सरकार पोराचं नाव घेतं, तेवढं ऐकायला हा माणूस आगगाडीत बसून येतो, हे पितांबरला तेव्हा कळलं. गावात झुलालचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. सासू रडते म्हणून घरातही कोणी घेत नसे.

तोताराम बरा झाला. पण पितांबरने साहेबांच्या किती विनवण्या केल्या कोण जाणे, खिडकी त्याच्याकडेच राहिली.

चैत्रात ती आली. त्याने विचारलं, ती ‘नाही’ म्हणाली. आश्विनात आली. विचारलं, म्हणाली. पण दर खेपेला सातवा रकाना लांबत चालला. एकदा रांगेतल्या एका सावद्याच्या माणसाने साहेबांना द्यायला केळीचा कच्चा घड आणला होता. पितांबर ‘पुनर्विवाह’पासून ‘काय’पर्यंत पोचेतो तो घड पिवळाधमक झाला. हसू नका, मी त्यातली दोन केळी खाल्ली आहेत.

तिच्याही लक्षात आलंच. एका चैत्रात म्हातारा रांजणावर पाणी प्यायला गेला होता, तेव्हा तिने विचारलं, “सगळ्या बायांना इतकं हळू विचारता?”

“नाही… ज्यांचं उत्तर आवडतं, त्यांनाच.”

“आणि एखाद्या वेळी दुसरंच उत्तर दिलं तर?”

शाई सांडली. सबंध कागदावर. नवा कागद घ्यावा लागला, सहाही रकाने पुन्हा भरावे लागले, आणि म्हाताऱ्याला नाव दोनदा ऐकायला मिळालं. त्या दिवशी खिडकीशी तिघंही खूश होते.

पुढच्या खेपेला तिने उलट चौकशी केली. कारकुनाच्या कागदाला सातवा रकाना असतो की नाही? पितांबर म्हणाला, असतो, पण विचारणारं कोणी नाही. “मी विचारते,” ती म्हणाली, “केलंय का?” त्याने मान हलवली. तिने खिडकीच्या धूळभरल्या फळीवर बोटाने ‘नाही’ लिहिलं आणि हात मागे घेतला. सात वर्षांत त्या दोघांमधलं सगळ्यात धाडसाचं जे काही झालं, ते एवढंच. मधले गज तसेच होते. पितांबरने महिनाभर ती फळी कोणाला पुसू दिली नाही.

तिच्या लोकांत पाट लावायला आडकाठी नव्हती. दोघांची जातही जमत होती. अडत होतं एकाच गोष्टीवर. ती ‘होय’ म्हणाली की फाईल बंद. पोटाचं काही नव्हतं, पितांबरचा पगार चौघांना पुरला असता. पण फाईल बंद झाल्यावर झुलालचं नाव कोण वाचणार? पितांबरला हे ठाऊक होतं आणि तिलाही. दर खेपेला तो ते नाव जितकं छान वाची, तितके स्वतःच्याच वाटेवर काटे पेरी.

पंचावन्नच्या आश्विनात म्हातारा बाकावर टेकला होता. थकला होता फार. तिने गजांशी तोंड आणलं. अहिराणीत बोलली, मी मराठीत सांगतो.

“पुढच्या चैत्रात मला नीट विचारा. कागदावरचं नको. तुमचं विचारा.”

पितांबर म्हणाला, “मग नाव थांबेल…”

“माहीत आहे. गेलेल्याचं नाव चालावं म्हणून मी जन्मभर ‘नाही’च म्हणत राहायचं का, तेवढं तुम्ही मला सांगा.”

त्याने टाक दौतीत बुडवला, पुन्हा बुडवला. ती म्हणाली, “मग विचारा. मी उत्तर घेऊन येते.”

ते सहा महिने पितांबर रोज पिंप्राळ्याच्या वाटेवरच्या लिंबाखाली उभा राहून प्रश्न घोकत असे. इतका, की त्या झाडावरचे पोपट ‘कराल काय, कराल काय’ म्हणायला शिकले. पुढे कैक वर्षं त्या झाडाखालून जाताना लग्नाळू पोरी लाजून पदर सावरत.

चैत्र आला. मंजुळा आली. हिरव्या काठाचं लुगडं, चौदा भेटींत पहिल्यांदाच. म्हाताऱ्याची दृष्टी पार गेली होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून तो चालत होता. त्याने गज चाचपले, कान लावला. पितांबरने नाव वाचलं. म्हाताऱ्याचं तोंड असं उजळलं… दिसत नसलेल्या माणसाचं तोंड इतकं उजळलेलं मी परत पाहिलं नाही.

मग सातवा रकाना.

पितांबरने टाक खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं. आणि विचारलं, नीट, न अडखळता, “मंजुळा, माझ्याशी पाट लावशील?”

ती म्हणाली, “होय.”

रांग मोडून सगळे गजांभोवती गोळा झाले. मग म्हाताऱ्यानेच तिचा हात धरून गजांतून पुढे केला. तोतारामने धावत जाऊन गोडीशेव आणली, साहेबांनी त्या दिवसापुरती कचेरी बंद केली. पितांबरने धुळ्याला बदली करून घेतली. पांझरेच्या काठी दोन खोल्यांचं घर. म्हातारा-म्हातारी त्यांच्याजवळच. आणि रोज सकाळी चहाच्या आधी पितांबर एक कोरा कागद हातात धरून मोठ्याने वाची, ‘शिपाई झुलाल शालिग्राम.’ आंधळ्याला काय कळणार कागद कोरा आहे ते? म्हातारा आणखी अकरा वर्षं जगला, सुखाने…

“खोटं आहे, आबा.”

प्रमिलाबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं होतं.

“अमळनेरची मंजुळा माझी सख्खी आत्या. तिने पाट लावला नाही, धुळंही पाहिलं नाही. मरेपर्यंत जळगावच्या खिडकीतूनच पेन्शन घेतली. आणि त्या खिडकीमागे शेजारचं टेबल नव्हतं. एकच खुर्ची होती, तुमची. तिने मला सगळं सांगितलंय. त्या चैत्रात ती होय म्हणायलाच आली होती. तुम्ही शालिग्रामबाबांच्या तोंडाकडे पाहिलंत, खाली मान घातलीत आणि तिच्या रकान्यात स्वतःच ‘नाही’ लिहिलंत. आबा, त्या एका खेपेला तुम्ही तिला विचारलंच नाही.”